मॅनेजर गेले, कारभार चालू

चहा आधी खाली ठेवा. मागे हे सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता. ते पाप पुन्हा माझ्या माथी नको!

तर मी जव्हारच्या एका पतपेढीत कॉम्प्युटर सांभाळतो. मोखाड्याला आमची शाखा आहे. गंमत अशी, की आमच्याकडे खरी मशीनं मोजकीच, पण एकेकाच्या पोटात चिक्कार आभासी मशीनं! एक खाती बघतं, एक पासबुक छापतं, एक मेसेज पाठवतं. या सगळ्या लेकुरवाळ्या संसारावर जे नजर ठेवतं, त्याला आम्ही कॉम्प्युटरवाले ‘मॅनेजर’ म्हणतो. एखादं पोर आडवं झालं, की हा त्याला उचलून दुसरीकडे उभं करतो.

पण मॅनेजरच आडवा झाला तर? त्याला कोण उचलणार? म्हणून मी राबराब राबून मोखाड्याला दुसरा मॅनेजर बसवला. जव्हारचा पडला की मोखाड्याचा आपोआप कारभार घेणार! आणि माझी कर्तबगारी सगळ्यांना कळायला नको? म्हणून तशी वेळ आली की कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर मेसेज जाईल अशी सोय केली. शुद्ध मराठीत, अगदी आदरार्थी!

चाचणी मुद्दाम बाजाराच्या दिवशी ठेवली. भर गर्दीत काम थांबता कामा नये, हीच तर कसोटी. आमचे हाडामांसाचे मॅनेजर, भोयेसाहेब, सकाळीच बारशाला सूर्यमाळला गेले होते. तिथे फोनला रेंज नाही. म्हटलं, बरंच झालं! आले की एकदम निकालच सांगू.

आतल्या खोलीत गेलो, देवाचं नाव घेतलं आणि जव्हारच्या मॅनेजरची वायर ओढली.

काय सांगू! पडद्यावर मोखाड्याचा पठ्ठ्या लगेच हिरवा झाला. मी एकटाच नाचलो हो, खुर्चीभोवती!

तेवढ्यात दारात काशीमावशी. आमच्याकडे झाडलोट आणि चहापाणी त्याच बघतात. पदर तोंडाला.

“गेलं का रं खरंच?”

“गेले मावशी! एका झटक्यात!”

“काय तरास नाय ना झाला?”

“छे! मीच वायर ओढली ना!”

मावशींनी चौकट धरली. “तू? तू ओढलीस?”

“मग काय! कधीपासून तयारी चालली होती माझी!”

मावशी किंचाळत पळाल्या. मला वाटलं, आनंदानं. बाईमाणूस, पण तंत्रज्ञानाची कदर बघा!

मग आमच्या कॅशियर रेखाताई आल्या. डोळे लाल.

“अहो, शेवटचं काही बोलले का?”

“बोलतात कसले! सगळं काळं पडलं.”

“आणि तुम्ही हसताय?”

“हसू नको तर काय करू? एक गेला, दुसरा बसला! संध्याकाळी यांनाही जिवंत करतो.”

रेखाताई उलट्या पावलांनी बाहेर गेल्या, माझ्याकडे पाठ न करता. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही! मग मोखाडा शाखेच्या वाघसाहेबांचा फोन आला.

“अरे, माझ्याकडे लोक रडत रडत अभिनंदन करायला येतायत! भोयेसाहेब कसे गेले? आणि मी कारभार कधी हाती घेतला?”

माझ्या पायाखालची फरशी सरकली. मोबाइल उघडला. मीच लिहिलेला मेसेज सगळ्यांना गेला होता: ‘मुख्य मॅनेजर गेले. मोखाड्याच्या मॅनेजरांनी कारभार हाती घेतला.’

धावत जाऊन वायर परत खोचली. झालं! लगेच दुसरा मेसेज: ‘मुख्य मॅनेजर परत आले.’

आणि तुमचा विश्वास बसणार नाही, त्याच क्षणी बाहेर जीप थांबली! भोयेसाहेब उतरले, हातात बारशाच्या घुगऱ्यांची पुडी. मावशींनी त्यांना पाहिलं आणि जिथे होत्या तिथेच मटकन बसल्या.

“काय रे,” साहेब म्हणाले, “माझ्या फोटोला हार कुणी घातला?”

मी सगळं सांगितलं. आवाज माझा होता, पण कुठून येत होता कळत नव्हतं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. दोन घुगऱ्या तोंडात टाकल्या.

“म्हणजे तुझी चाचणी जमली?”

मी उसळलोच. “शंभर टक्के, सर! एकही मशीन क्षणभरसुद्धा थांबलं नाही!”

साहेबांनी नुसतं बोट दाखवलं. दाराचं शटर अर्धं खाली, काउंटरवर चिटपाखरू नाही, आणि शटरवर रेखाताईंच्या अक्षरात पाटी: ‘दुखवट्यानिमित्त पतपेढी आज बंद.’

वादळात तारा तुटल्या, खांब पडले, तरी बाजाराच्या दिवशी आमची पतपेढी कधी बंद राहिली नव्हती हो! ती पहिल्यांदा बंद पाडली ती मी, आणि तीही ती कधी बंद पडू नये म्हणून!