कच्च्या यादीतली बुधी

मंडळी, आधीच सांगतो — भुताखेतांचं कोणी बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. वीस वर्षं विज्ञान शिकवलंय, अंगारे-धुपारे करणाऱ्या नातेवाइकांशी भांडलोय. हे लिहिताना मलाच लाज वाटतेय. पण बायको म्हणाली, "मला शंभरदा सांगितलंत, आता दुसऱ्यांचं डोकं खा."

२००१ ची जनगणना. फेब्रुवारी महिना. मी गणेशपुरीजवळच्या शाळेत होतो आणि ड्युटी लागली डोंगरावरच्या एका कातकरी पाड्याची. एसटी खालच्या फाट्यापर्यंतच. पुढे तासभर चढण, तीही पायवाटेने. आजारी माणूस झोळीत घालून खाली आणायचा.

भर दुपारी पोचलो. अकरा घरं, आणि सगळी माणसं घरात. मला तर बरंच वाटलं, खेटे वाचले. वहीत कच्ची यादी केली. शेवटच्या घरात जानी नावाची बाई, मांडीवर पाच महिन्यांची पोर. म्हणाली, "गुरुजी, हिलापन लिवा. बुधवारची हाय, बुधी. मानसां जास्त झाली तं रस्ता येल." तिचं पहिलं मूल झोळीतच, वाटेत गेलं होतं. मी लिहिलं. पोर माझं पेन ओढत होती.

चार दिवसांनी बहिणीकडे दापोड्याला गेलो. गावाबाहेर वीटभट्टी. बघतो तर डोक्यावर विटा घेऊन जानी... पोट पुढे आलेलं, दिवस भरत आलेले. मागे तिचा नवरा लखमा आणि अख्खा पाडा.

"अरे, तुम्ही खाली कधी आलात?" मी लखमाला विचारलं.

"दिवालीपासून हितंच हाय, गुरुजी. दरसाल येतो. पाड्यावर कोन न्हाय."

"थट्टा करतोस का? चार दिवसांपूर्वी तुझ्या घरात पाणी प्यायलो मी."

मी वही काढून वाचायला लागलो. नावं, वयं, कोण कोणाचं कोण — सगळं बरोबर. मग मला हे सांगितलं कोणी? शेवटी वाचलं, "बुधी, मुलगी, पाच महिने."

जानी विटा उतरवून खाली बसलीच. पोटावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "जिती होती ना, गुरुजी?"

"हो गं. चांगली खेळत होती."

होळीला पाड्यावर जायचं आणि तिथेच बाळंत व्हायचं, असं ठरलं होतं तिचं. तिने लखमाला तिथल्या तिथे सांगितलं, "मी न्हाय येत वर. हितं रिक्षा मिलते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडा चढलो. अकराच्या अकरा दारं बंद. जानीच्या चौकटीत कोळ्याचं जाळं. मला ऊन लागलं होतं का? की चुकून दुसऱ्या पाड्यावर गेलो? पण त्या डोंगरावर दुसरा पाडाच नाही. बरं, भास म्हणावा, तर नावं कुठून आली...

जनगणनेचे साहेब म्हणाले, "माणसं भट्टीवर मोजली जातील. पाड्यावर शून्य लिहा." नियम तोच होता. लिहिलं शून्य. शून्य माणसांच्या पाड्याला रस्ता कोण देणार? हे तेव्हाही कळत होतं आणि आजही खुपतं.

मार्चमध्ये जानी भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मूल आडवं होतं. वर डोंगरात असती तर दोघीही हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी झाली. वार बुधवार.

खूप डोकं खाजवलं, वही कितीदा तपासली... अक्षर माझंच आहे. जानीला मात्र कधी प्रश्नच पडला नाही.

सहा वर्षांनी ती पोरीला घेऊन शाळेत आली. पायीच, कारण रस्ता तेव्हाही झाला नव्हता. मी पहिलीचं रजिस्टर उघडलं आणि सवयीने विचारलं, "नाव काय लिहू?"

जानी हसली. "आता काय इचारता, गुरुजी? आमच्या आदी तुमीच लिवलाय तिला."