परत घेतलेले पोहे

माझ्या उभ्या आयुष्यात मी एकच माणूस असा पाहिला, ज्याला कोणाचंही गुपचूप भलं करता येत नसे. भलं करायला त्यांची ना नव्हती. पण ते सगळ्यांसमोर जाहीर झालं पाहिजे आणि त्या माणसासारख्याच इतर प्रत्येकालाही मिळालं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आम्ही डोंबिवलीला होतो तेव्हा ते समोरच्या ब्लॉकमध्ये राहत. टेलिफोन खात्यात दर ठरवणाऱ्या विभागात होते, म्हणून तुमचे बाबा लहानपणी त्यांना दरकाका म्हणू लागले आणि पुढे सगळ्या इमारतीनेच ते नाव उचललं. मी तेवढी त्यांना भावोजी म्हणत असे.

तुम्ही मला मनात येईल तेव्हा, चेहरा दाखवत, फुकट फोन करता. त्यामुळे दरकाकांचं काम तुम्हाला थोडं समजावून सांगायला हवं. त्या काळी घरी फोन यायला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे आणि त्याचा दर सगळ्यांना सारखा, सरकारने ठरवलेला. मोठ्या कारखान्यांचं मात्र एका फोनवर भागत नसे. त्यांना एकदम पुष्कळ लाइनी हव्या असत, कारखान्यापासून मुंबईच्या हेड ऑफिसपर्यंत थेट लाइन हवी असे, आणि आम्ही इतकं सगळं घेतो तर आमच्यापुरता वेगळा दर लावा, असा त्यांचा अर्ज येई. हे अर्ज ठाण्याच्या कचेरीत दरकाकांच्या टेबलावर येत. वेगळा दर द्यावा का, आणि कोणत्या अटीवर, हे त्यांनी तपासून सांगायचं. "वहिनी," ते मला म्हणत, "सवलत जरूर द्यावी. पण नोटीस बोर्डावर लावून द्यावी, आणि शेजारच्या कारखान्याने तेवढ्याच लाइनी घेतल्या तर त्यालाही द्यावी. नाहीतर एकाला लपून दिलेल्या सवलतीचा बोजा शेवटी तुमच्या-माझ्यासारख्यांवरच येतो." कचेरीसाठी हा नियम उत्तमच होता. अडचण एवढीच, की संध्याकाळी घरी निघताना ते तो कचेरीत ठेवून येत नसत.

त्यांची एकुलती एक मुलगी मीना दहावीला होती, तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, अभ्यासाच्या दिवसांत तिला एक जास्तीचा लाडू दिला. दरकाकांनी तो पाहिला आणि तडक जिन्यात जाऊन जाहीर केलं, की इमारतीत दहावीला बसणाऱ्या प्रत्येकाने आमच्याकडून एक लाडू घेऊन जावा. डबा रिकामा झालाच. वर तिसऱ्यांदा दहावीला बसलेला तळमजल्यावरचा दत्तू तीन लाडू मागू लागला, आणि दरकाका त्याच्या मागणीवर खरोखरच विचार करत बसले. मीनाला गजरा आणायचा तर मजल्यावरच्या सगळ्या मुलींना आणायचा. एवढे गजरे परवडत नसल्यामुळे बिचाऱ्या मीनालाच तो क्वचित मिळे. खाडीकाठच्या मोठागावहून मासे घेऊन येणारी कोळीण काकूंच्या ताटात वर दोन बोंबील टाकत असे. एकदा हे दरकाकांच्या नजरेस पडलं. त्यांनी कठड्यावरून वाकून वरच्या-खालच्या सगळ्या बायकांना हाक मारली, "आज बोंबील वर मिळताहेत हो! आम्हाला मिळाले, तुम्हीही मागून घ्या!" कोळीण टोपली उचलून काकूंवर कडाडली, "बाय, तुजे घरवाल्याला घरान बांधून ठेव! मी काय सगल्या बिल्डिंगीला वाटाया आनलेत? तुजी मया वाटली म्हनून टाकले दोन!" पुढे कित्येक महिने ती आमच्या जिन्यावर फिरकली नाही. दरकाका मात्र म्हणत, "बाई मनाने चांगली आहे, पण माया वाटते म्हणजे नक्की कोणाकोणाला वाटते, हे तिने आधी सांगायला हवं."

बरं, हा माणूस स्वतःसाठीही काही उचलेल तर शपथ. टेलिफोन खात्यात नोकरी आणि घरी फोन नाही! फोन करायचा झाला की नाक्यावरच्या औषधांच्या दुकानात रांगेत उभे. दुकानदार म्हणे, "साहेब, तुम्ही पुढे या की." त्यावर हे मागच्या माणसाला विचारत, "तुम्हालाही पुढे यायचंय का?"

मीना पदवीधर झाली आणि तिला कोपरीहून एक स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, स्वभावाने शांत. दोन महिन्यांनी त्याला मस्कतला रुजू व्हायचं होतं आणि त्याआधी लग्न व्हावं, अशी त्याच्या आईची इच्छा होती. मंडळी रविवारी बघायला आली, तेव्हा काकूंच्या मदतीला मी होते आणि माणसं दिसावीत म्हणून तुमचे आजोबाही बैठकीत बसले होते. मीनाने पोहे आणून दिले. मुलाने बशी घेताना तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघराच्या दारातून काकूंनी माझा दंड असा दाबला, की जमलंच म्हणून समजा. तेवढ्यात दरकाकांनी मुलाच्या मामांना सहज विचारलं, "आपण कुठे असता?"

"कोलशेतला, रंगाच्या कारखान्यात. ॲडमिनिस्ट्रेशन माझ्याकडे," सफारीतले मामा म्हणाले. "तुमच्या खात्यात आमचा एक अर्ज अडकलाय बघा, खास दराचा."

पहिला घास मामांच्या तोंडाशी पोचला होता. दरकाका उठले, त्यांनी मामांच्या हातातला चमचा आणि बशी दोन्ही अलगद काढून घेतलं आणि म्हणाले, "माफ करा. हे पोहे तुम्हाला देता येणार नाहीत."

"का? तिखट झालेत?" मामांनी विचारलं.

"पोह्यांचा काही दोष नाही. तुमचा अर्ज माझ्याकडे आहे."

"अहो, पोह्यांची कुठे लाच होते काय?"

"उद्या तुमच्या शेजारच्या कारखान्याचे साहेब आले, तर मला त्यांच्यासाठीही पोहे करावे लागतील," दरकाका म्हणाले. मग एकाचीच बशी काढून घेणं त्यांच्या तत्त्वात बसेना, म्हणून त्यांनी मुलाची घेतली, त्याच्या आईची घेतली, आणि ज्यांचा कसलाही अर्ज कुठेही नव्हता, त्या तुमच्या आजोबांचीसुद्धा घेतली. आजोबा ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. मामा लाल होऊन उठले. मुलगा सगळ्यांत शेवटी उठला. निघताना दरकाकांनी त्यांना हात जोडून सांगितलं, की अर्जाचा निकाल लागेपर्यंत दोन्ही घरांनी बोलणं बंद ठेवावं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वरच्या साहेबांना सगळा प्रकार सांगून ती फाईल दुसऱ्या कोणाकडे द्यायची विनंती केली. साहेब पोट धरून हसले आणि म्हणाले, हे काम जाणणारा दुसरा आणू कुठून? तुम्हीच निकाल द्या, मी वरून तपासतो. फाईल तर ढिगाच्या तळाशी. नेहमीच्या गतीने तिची पाळी येईपर्यंत मुलगा मस्कतला पोचून महिने झाले असते. मीना गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेली की कपडे हातात घेऊन तशीच उभी राहायची. काकूंच्या रागाचा मात्र बांध फुटला. भिंतीपलीकडून आम्हाला शब्द अन् शब्द ऐकू आला.

"एक फाईल वर घ्या! एवढंच म्हणते मी. निकाल काय हवा तो द्या!"

"सगळ्यांच्या आधी? कशासाठी? माझ्या मुलीचं काम आहे म्हणून?"

"हो! मुलीचं आहे म्हणूनच!"

त्या दिवसापासून दरकाका सकाळी पहिल्या दूधवाल्याबरोबर घर सोडू लागले आणि रात्री जेवणं उरकल्यावर परतू लागले. रविवारीही गायब. काकूंना तोंड दाखवायची हिंमत नसेल, असं आम्ही समजलो. मग एका दुपारी काकू जिन्यातच मला अडवून, डोळ्यांना पदर लावून हसू लागल्या. हसताहेत की रडताहेत, मला कळेना. "अहो, त्यांच्या साहेबांच्या बायको भेटल्या मंडईत. म्हणाल्या, तुमच्या यजमानांना झालंय काय? एक फाईल वर घेता येईना, म्हणून ह्यांनी वरच्या सगळ्याच उपसल्या हो! वागळे इस्टेटवाल्यांचं काम झालं, अंबरनाथवाल्यांचं झालं. ते सगळे चक्रावलेत!"

मुलगी एकाची, आणि घाई साऱ्या जिल्ह्यातल्या कारखान्यांची झाली. अशी कोलशेतची पाळी रीतसर आली आणि रीतसर निकाल लागला: सवलत मंजूर, पण ती नोटीस बोर्डावर लागेल आणि तेवढ्या लाइनी घेणाऱ्या कोणालाही मिळेल. साहेबांनी तपासून सही केली. शेजारच्या कारखान्याने दुसऱ्याच आठवड्यात तीच सवलत मागितली. मामांचा पापड मोडला. ते लग्नच मोडायला निघाले होते, पण मुलगा पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाला, "मामा, अर्ज तुमचा होता. पोहे मला हवे आहेत."

कल्याणच्या हॉलमध्ये लग्न झालं. मुलगा आठवड्यात मस्कतला निघायचा होता आणि व्हिसा झाला की मीना मागून जाणार होती. सकाळी दरकाकांनी स्वतः मामांपुढे पोह्यांची बशी धरली. मामांनी चमचा उचलण्यापूर्वी इकडे तिकडे पाहून विचारलं, "शेजारच्या कारखान्याला बोलावलंय ना?" त्यानंतर ते दोघे जे हसले, ते मांडवभर ऐकू आलं.

निघायची वेळ झाली तेव्हा मीना वडिलांच्या पाया पडली. दरकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्यामागे आमच्या इमारतीतल्या मुली रडत उभ्या होत्या. तत्त्वाप्रमाणे दरकाका पुढे सरकले आणि एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत रांगेच्या टोकापर्यंत गेले. काकूंनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. मग मीना गाडीत बसली आणि मंडळी सामान चढवण्यात गुंतली. मी मीनाची पर्स द्यायला गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले, तर खिडकीपाशी दरकाका उभे होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून पानात बांधलेला एकच गजरा काढून तिच्या हातात दिला, आत हात घालून तिच्या केसांवर पुन्हा एकदा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मग चोरी पकडल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

मी मीनाला पर्स दिली आणि मागे फिरले. त्यांनी ते कुठे जाहीर केलं नाही. आता दरकाका नाहीत, काकूही मीनाकडे राहायला गेल्या. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच सांगते आहे, आणि तेही फक्त तुम्हाला.