माती ऐकणारे मामा

चूक माझीच. भोंगवली गावच्या एका शेतकऱ्याने तपासायला दिलेल्या मातीतली चुनखडी मोजताना ॲसिडची फसफस थांबायच्या आत मी घाईने आकडा काढला. आमच्या भोरच्या प्रयोगशाळेतले मदतनीस मामा प्रत्येक बीकरला कान लावतात.

"सायब, हिचं बोलणं संपू द्या की."

"मग विचारा तिला, जेवलीस का?" मी म्हणालो. सगळे हसले, मामाही.

पण माझा अहवाल त्यांनी शेतकऱ्याला दिलाच नाही. "सायब परत मोजनार हायेत," असं परस्पर सांगून टाकलं. मला म्हणाले, "गडी मोसंबी लावाय निघालाय. लई चुन्यात झाडं पिवळी पडत्यात."

मी पुन्हा मोजलं. चुना दुप्पट निघाला. दुपारच्या चहाला सगळ्यांसमोर उभा राहिलो. "मामा, मोजताना चुकलो, आणि तुमची थट्टा केली ती त्याहून मोठी चूक. माफ करा."