सोपाननानाच्या तित्तराला साक्षीदार पाहिजे

किस्से कसे साठतात सांगू का? कंपनीच्या मागं भंगार साठतं ना, तसे. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही. आज एक वाकडा पत्रा, उद्या एक फुटका पंखा, आणि एक दिवस बघावं तर भिंतीएवढा ढीग!

आमच्या कट्ट्यावर तसंच झालंय. आमचं गाव चाकणच्या एमआयडीसीला टेकून. म्हणजे आधी एमआयडीसी गावाला टेकली होती, आता गाव तिला टेकलंय. एका कंपनीनं आम्हाला 'ज्येष्ठ नागरिक कट्टा' बांधून दिला. रानं घेतली आणि बसायला फरशी दिली. त्या फरशीवर आम्ही तिघं. मी बबन, सातवी नापास, जन्म गेला कंपनीत, पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपमध्ये हेल्परकी करण्यात. दुसरा हिरामण. यानं जमीन विकून मोठी गाडी घेतली, ती कायम चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये उभी असते. आणि तिसरा सोपाननाना. त्याचं रान कंपनीनं घेतलं, भोवती तार मारली, शेड काही बांधली नाही आणि त्याच रानावर त्याला वॉचमन ठेवलं. स्वतःच्या बांधावर शिट्टी गळ्यात घालून बसणारा माणूस बघायचा असेल तर आमच्याकडं या.

गेली दोन वर्षं या ढिगात नवा माल येतोय. पाखरं मोजणारी पोरं! पिंपरीकडच्या एका कॉलेजातली. पूर्वी इथं कोणती पाखरं होती आणि आता कोणती राहिली, असा त्यांचा प्रोजेक्ट. 'आता'चं ती डोळ्यांनी बघणार. 'पूर्वी'साठी आम्ही तिघं.

*

पहिल्या दिवशी सावंत मॅडम आल्या. बरोबर पोरांचा घोळका, त्यात पुढं दोघं. एक शर्वरी, पिंपळे सौदागरच्या सोसायटीतली, अकराव्या मजल्यावर राहणारी, गळ्यात दुर्बीण. दुसरा गोविंद, मूळचा लातूरकडचा, बाप भोसरीत मशीनवर. त्याच्या गळ्यात डबा.

मॅडमनी पिशवीतून पाखरांचे फोटो काढले आणि एकेक आमच्या नाकासमोर धरायला लागल्या. बघितलंय का, ऐकलंय का, एवढंच सांगायचं. गोविंद खुणा करणार.

पहिला फोटो होल्याचा. हिरामण म्हणाला, "खाल्लंय."

दुसरा लाव्याचा. "खाल्लंय. रस्सा नको, सुकाच."

तिसरी भोरडी. हिरामणनं डोळे मिटले. लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे ढग उतरायचे, आम्ही रानातल्या राखणीच्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचो, ते सगळं त्याच्या तोंडावर आलं. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतोय. तर म्हणाला, "हाडं लय."

गोविंद बिचारा कागद उलटा-सुलटा करून बघत होता. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, खाल्लेलं कुठल्या खान्यात लिहू ओ?"

मॅडम शाकाहारी. तरी त्यांनी पट्टी घेऊन एक खाना नवीन आखला. आता त्यांच्या प्रोजेक्टमध्ये आमच्या गावापुरते तीन खाने आहेत.

*

शर्वरीची मी लय खेचायचो. शहरातली पोरगी, तिला म्हटलं गंडवणं सोपं. ओढ्याकाठच्या बाभळीवर सुगरणींचे खोपे लोंबतात. पूर्वी झाड वाकायचं, आता मोजून चार-दोन. मी तोंड सरळ ठेवून तिला सांगितलं की हे समोरच्या कंपनीचे फिल्टर आहेत. धूर गाळायला झाडाला टांगतात.

तिनं दुर्बीण लावून नीट बघितलं. मग म्हणाली, "हो का आबा? वॉरंटी किती?"

कट्टा हसला. हिरामणला तर ठसका लागला. मी म्हटलं, पोरगी आपल्या वळणाची आहे.

मग तीच सांगायला लागली. त्यांच्या सोसायटीत नुसती कबुतरं. गॅलरीला जाळी. आई जाळीच्या आतून कपडे वाळत घालते. म्हणाली, "आबा, मी लहान असताना मला वाटायचं आम्हालाच पिंजऱ्यात ठेवलंय."

मी सरकून तिला कट्ट्यावर जागा करून दिली. 

*

आता माझी कला सांगतो. मला पाखरांचे आवाज काढता येतात. शाळेत जायच्या वेळेला गुरांमागं असायचो, तिथंच शिकलो. कोकीळ, टिटवी, होला, भारद्वाज, म्हणाल ते.

एके सकाळी पोरं ओढ्याच्या बाजूला मोजणी करत होती. मी पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसलो आणि दुकान उघडलं. इकडं भारद्वाज, तिकडं टिटवी. पोरांची धावपळ बघण्यासारखी! मॅडम तर हरखून गेल्या. म्हणाल्या, एवढी विविधता इथं टिकून आहे, आपण उगाच काळजी करत होतो.

मला चेव आला. मी पावशा काढला. 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा.' असा काही सूर लागला की माझं मलाच गहिवरून आलं.

तेवढ्यात गोविंदचा आवाज. "मॅडम, पावशा थंडीत कसा काय वरडायलाय?"

सगळी टाकीमागं आली. मी स्वेटर घालून, कानटोपी घालून, मान वर करून 'पेर्ते व्हा' म्हणत बसलेलो.

शर्वरीनं त्या सकाळची सगळी मोजणी रद्द केली. मग नियम काढला, अगदी कोर्टासारखा. नुसत्या आवाजावरून पाखरू मोजणीत धरायचं असेल तर दोघांनी ऐकलेलं पाहिजे. आणि बबनआबा जवळपास असतील, तर धरायचंच नाही.

*

'दोघं पाहिजेत' या नियमाचा फायदा पहिल्यांदा कोणाला झाला माहिती आहे? घुबडाला. शेजारच्या एका शेडमध्ये कबुतरं घाण करतात म्हणून साहेबांनी प्लास्टिकचं घुबड आणून छपराखालच्या लोखंडी कैचीवर बसवलं. डोळे असे वटारलेले की रात्रपाळीचा हेल्पर दोन दिवस तिकडं फिरकला नाही. कबुतरांनी आठवडाभर विचार केला आणि मग त्याच्या डोक्यावर घरटं बांधलं.

हिरामण हट्टालाच पेटला की घुबड धरा. "मी बघितलंय, बबन्यानं बघितलंय. दोघं झाले. नेमात बसतंय."

मॅडमनी समजावलं की ते जिवंत नाही.

हिरामण म्हणाला, "व्हय, पन ते उद्याबी हितंच असनार हाय. तुमच्या बाकीच्यांची ग्यारंटी हाय का?"

 बोलून हिरामणच जरा दचकला. असं शहाणं बोलायची त्याला सवय नाही.

*

आता सोपाननाना. हा माणूस कोणाकडं काही मागत नाही. रान गेलं तेव्हाही भांडला नाही. पण पोरांकडं त्यानं एक गोष्ट मागितली. त्याच्या तारेच्या आत, जिथं अजून कुसळी गवत आहे, तिथं एक तित्तर आहे. सकाळी ओरडतो. तेवढा धरा, म्हणाला.

तित्तर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला पाहिजे. आम्ही पोरं होतो तेव्हा उजाडायला लागलं की एक तित्तर या बांधावरून हाक द्यायचा. 'क्-तीतर, क्-तीतर!' हाक संपवून तो थांबायचा, आणि दुसरा पलीकडच्या माळावरून जबाब द्यायचा. मग तिसरा, मग चौथा. हाक चालत चालत पार खेडच्या अंगाला जायची. राजगुरुनगर हे नाव पाटीवर, आम्ही खेडच म्हणतो. अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं की आपला माळ कुठपर्यंत आहे. मोजणीदाराची साखळी लागायची नाही.

पुढं शेड आल्या, ट्रेलर आले, आणि तो माळ आवाजातून कमी होत गेला. आधी खेडची बाजू गेली. मग ओढ्यापलीकडची. जाताना कोणी दिसलं नाही, नुसता जबाब येईना.

आणि आता नानाच्या तारेतही शेड होणार, हे पक्कं झालं होतं. चुन्यानं आखणी झालेली. मॅडमनी सरळ सांगितलं की नाना, आम्ही लिहिलं म्हणून काम थांबणार नाही. नाना म्हणाला, "थांबू द्या नायतर न्हाई. कंपनीची पाटी लागंल. माज्या रानाचा जुना उतारा हाय, त्यात माजं नाव हाय. तित्तराचं कुटंच कायी न्हाई. हुता एवडं तरी लिवा."

पण नियम! दोघांनी ऐकलेलं पाहिजे, आणि नानानं एकट्यानं ऐकलेला. पोरं दोन-तीनदा येऊन बसली, तर तित्तर गप्प.

मग हिरामण साक्षीला उभा राहिला. ऐकलाय म्हणाला, शपथेवर. शर्वरीनं विचारलं, कसा आहे आवाज? हिरामणनं विचार केला आणि म्हणाला, "चविष्ट."

साक्ष बाद.

आणि खरी गंमत पुढंच आहे. मी ऐकला. देवाशपथ ऐकला! नानाला चहा द्यायला गेलो होतो, किटली हातात, आणि गवतातून 'क्-तीतर'. मी तसाच पळत कट्ट्यावर आलो, अर्धा चहा पायजम्यावर. पोरं तिथंच होती. मी म्हटलं, चला, ऐकलाय, आत्ता. सगळी माझ्याकडं बघून हसायला लागली. शर्वरीनं तर टाळ्या वाजवल्या. म्हणाली, "आबा, आज ॲक्टिंग मात्र भारी हं."

जन्मभर लोकांना गंडवलं, कधी वाईट वाटलं नाही. त्या दिवशी नाना तारेजवळून माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं बघू शकलो नाही.

*

जेसीबी सोमवारी येणार होता. रविवारी पहाटे पोरं शेवटची बसायला आली. पिंपरीहून पहिल्या बसनं, तोंडं न धुता.

मीही जाऊन बसलो, मागून हिरामणही आला. शर्वरी मला म्हणाली, तुम्ही नको. नाना म्हणाला, "ऱ्हाऊ दे त्येला. त्येचाबी माळ हाय."

 शर्वरीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि माझ्यापुढं धरली. म्हणाली, गुळणी भरा. तोंडात पाणी धरून बसायचं. आम्ही उठेपर्यंत ना गिळायचं, ना टाकायचं. म्हणजे तित्तर ओरडला तर तो तुम्ही नाही.

हिरामणला एवढा आनंद आयुष्यात झाला नसेल. मी गुळणी भरली. मी, बबन, गावातलं सगळ्यात चालणारं तोंड, गाल फुगवून कुसळात बसलो. शेजारी शर्वरी, पलीकडं नाना, मागं मॅडम, गोविंद आणि हिरामण. समोर गवत, गवतात चुन्याच्या रेघा, रेघांपलीकडं कंपनीची भिंत.

रात्रपाळीच्या बसा गेल्या. सकाळपाळीच्या यायच्या होत्या. मधे जरासा वेळ असा असतो की रस्त्यावर काही नसतं. एवढासाच.

त्यात तो ओरडला.

'क्-तीतर, क्-तीतर, क्-तीतर.'

सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडं. शर्वरीनं बोट लावून माझा गाल दाबून बघितला. टच्च भरलेला. तिनं गोविंदकडं बघितलं. गोविंदनं मान हलवली आणि कागदावर खूण केली. मॅडमनी पदर डोळ्याला लावला. झालं! नानाचा तित्तर धरला गेला.

मी उठणार होतो. पण नाना हलला नाही.

तित्तर परत ओरडला. थांबला. मी मघाशी सांगितलं ना, ते ओरडून झालं की थांबतात. जबाबासाठी. ओढ्यापलीकडं शेड, खेडच्या अंगाला शेड. भिंतीमागं कुठंतरी एक भोंगा वाजला.

तो परत ओरडला. परत थांबला.

नाना गवताकडंच बघत होता. हळू आवाजात, मान न वळवता म्हणाला, "बबन्या, दे की जबाब. एकलाच हाय त्यो."

मी शर्वरीकडं बघितलं. नियम तिचा होता. तिनं नानाकडं बघितलं, गवताकडं बघितलं. मग पेन्सिल पिशवीत टाकली, पिशवीची चेन लावली आणि तोंड फिरवून रस्त्याकडं बघत बसली.

मी गुळणी टाकली.