चौदा नंबर चालला

इंदुताई बिडवे यांना तळवड्यातली नोकरी मिळाली ती त्यांच्या घरच्या आजारपणामुळे. आयटी पार्कच्या मागे औषधांवर संशोधन करणारी एक कंपनी होती. तिथे उंदरांचे पिंजरे धुवायला, भुसा बदलायला बाई हवी होती. त्या विभागाच्या डॉ. उत्कर्षा यांनी विचारलं, प्राण्यांची किळस वाटते का? इंदुताई म्हणाल्या, नवरा चार वर्षं अंथरुणावर आहे, त्याचं सगळं मीच करते, आता किळस कसली वाटणार.

नवरा म्हणजे गणराज. लग्नानंतर वर्षभरातच दोघं औशाहून इकडे आले, रुपीनगरात खोली घेतली. गणराज चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली माल चढवायचा. एका दुपारी त्याला शेडची गळती बुजवायला वर चढवलं. गंजलेला पत्रा फाटला आणि तो खालच्या लोखंडी रॅकवर पाठीवर पडला. कमरेखालचं सगळं गेलं. ठेकेदाराने पोलिसांना सांगितलं की हा माणूस त्या दिवशी कामावर नव्हताच. हजेरीत खरोखरच नाव नव्हतं. ते कधीच नसायचं.

पायांबरोबर लघवीवरचा ताबाही गेला होता. दिवसातून चार वेळा ओटीपोटावर हळूहळू दाब देऊन इंदुताई ती काढत. जोर जास्त झाला तर आत इजा, कमी पडला तर मागे राहून ताप. चार वर्षांत त्यांच्या बोटांना नेमकं किती ते कळलं होतं.

कंपनीत गेल्यावर पाहतात तर तिथल्या उंदरांचीही तीच गत. भूल देऊन त्यांच्या पाठीच्या मज्जारज्जूवर ठरावीक वजन पाडत, की मागचे पाय लुळे पडत. मग नवव्या दिवशी त्याच जागी सुईने पेशी सोडत. पेशी माणसाच्या नाळेतल्या. बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी नाळ दवाखान्यांतून, आईची सही घेऊन, बर्फाच्या डब्यातून येई. गावाकडे नाळ परसात पुरतात, इथे ती नंबर घालून शीतकपाटात ठेवत. निम्म्या उंदरांना पेशी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं ते अभ्यास संपेपर्यंत इंदुताईंना सांगत नसत.

या उंदरांचंही पोट दाबून लघवी काढावी लागे. आधी हे काम करणाऱ्या मुलांना ते जमलं नव्हतं, आणि पहिल्या खेपेचे निम्मे उंदीर संसर्गानेच मेले होते. इंदुताई आल्यानंतरच्या खेपेत चोवीसपैकी एकही मेला नाही. डॉ. उत्कर्षा म्हणाल्या, तुमचा हात हलका आहे. सकाळी घरी, दिवसा कंपनीत, संध्याकाळी परत घरी, असं ते एकच काम इंदुताई करत राहिल्या.

उंदरांना नावं द्यायची नाहीत असा नियम होता. शेपटीवर शाईने नंबर असे. सुई दिल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात चौदा नंबरने मागचा डावा पाय उचलला. पाचव्या आठवड्यात तो अडखळत का होईना, चार पायांवर चालला. डॉक्टरांनी मोबाईलवर त्याचं चित्रण केलं. तो मध्येच थांबला तेव्हा इंदुताईंच्या तोंडून आपसूक निघालं, “चल की रे बाळा, चल.”

त्या संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं, “आज चौदा नंबर चालला.”

गणराज उताणा पडून छताकडे बघत असे, त्याने मान वळवली. “कुठवर?”

“टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

तेव्हापासून तो रोज विचारू लागला. दाढी करायला लागला, जेवायला लागला. चादर बाजूला करून आपल्या अंगठ्यांकडे तासन्‌तास बघत बसे. इंदुताईंनी धीर करून डॉ. उत्कर्षांना विचारलं, यांना देता येईल का. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली आणि नीट समजावलं. हे अजून उंदरांपुरतंच आहे. माणसापर्यंत यायला किती वर्षं लागतील आणि येईल की नाही, कुणीच सांगू शकत नाही. शिवाय आपण नवव्या दिवशी पेशी देतो, तुमच्या यजमानांची इजा चार वर्षं जुनी. तिथे आता व्रण घट्ट झालाय. इंदुताईंना सगळं समजलं. घरी मात्र त्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

आठव्या आठवड्यात अभ्यास संपला. संपला म्हणजे चोवीसही उंदीर मारायचे, मज्जारज्जू काढून त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. ते सुरुवातीपासूनच ठरलेलं होतं. एकेक पिंजरा आतल्या खोलीत नेऊन देण्याचं काम इंदुताईंकडे होतं. चौदा नंबरचं पोट आता दाबायची गरज उरली नव्हती, पण पिंजरा उघडताच तो सवयीने त्यांच्या तळहातावर येऊन पसरला. त्यांनी त्याला तसाच आत नेऊन दिला.

घरी गणराजने विचारलं. त्या म्हणाल्या, बरा आहे, चालतोय. पुढे दोन महिने चौदा नंबर रोज थोडा थोडा जास्त चालत राहिला. एकदा तर तो पिंजऱ्याच्या जाळीवर चढला, असंही त्यांनी सांगितलं.

मग गणराजच्या मोबाईलवर त्याच्या थोरल्या भावाने, दादासाहेबाने, एक जाहिरात पाठवली. पिंपळे सौदागरला कुठलंसं क्लिनिक निघालं होतं. नाळेच्या पेशींनी अर्धांगवायू बरा, मज्जारज्जूची इजा बरी. जाहिरातीत एक उंदीर टेबलावरून चालत होता. गणराजने ते तीन वेळा लावलं आणि इंदुताई आल्यावर मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. आतून त्यांचाच आवाज येत होता. चल की रे बाळा, चल.

“ही तूच हायेस,” गणराज म्हणाला.

“हो.”

“आन मलाच सांगितलं न्हाईस, माणसांना देतात म्हणून.”

इंदुताई त्याच्याजवळ बसल्या आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. नववा दिवस, जुना व्रण, मिठाचं पाणी. पेशी बारा जणांना दिल्या, त्यातल्या पाचांनी पाय हलवले, धड चालला तो एकटाच. माणसांना कंपनी देत नाही, हे क्लिनिक कोण ते तिथे कुणाला माहीतही नसेल.

“आन चौदा नंबर?”

“मारला. सगळेच मारले. दिवाळीच्या आधीच.”

गणराजने मोबाईल उशाशी पालथा ठेवला. “म्हंजे दोन महिने तू माझ्यापुढं मेलेला उंदीर चालवत होतीस.”

“तुमी जेवत होता त्यामुळं.”

“तवा खोटं बोललीस. मग आता खरं बोलतेस कशावरनं?”

त्या आठवड्यात इंदुताईंनी डॉक्टरांचं म्हणणं कागदावर लिहून आणलं, वाचून दाखवलं, हात जोडले. गणराज म्हणाला, मी पडूनच राहावं असं तुला वाटतं, म्हंजे तुझी नोकरी चालंल. दादासाहेब रिक्षा घेऊन आला आणि त्याला क्लिनिकमध्ये घेऊन गेला. असं चार वेळा झालं. सुईत काय होतं हे कुणाला कळलं नाही, कागदावरही लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या सुईनंतर आठ दिवस ताप उतरला नाही. चौथीनंतर कमरेखाली जखम झाली, ती भरायला चार महिने लागले. पायाचं बोटही हललं नाही. क्लिनिकवाले म्हणत, शरीराला वेळ द्या. पावसाळ्यानंतर दादासाहेब विचारायला गेला तर तिथे केसांवर उपचार करणाऱ्यांची पाटी लागली होती.

मधल्या काळात ती जाहिरात कंपनीपर्यंत पोहोचली. चित्रण बाहेर गेलं कसं, याची चौकशी बसली. खरं म्हणजे डॉ. उत्कर्षांनी ते दिल्लीच्या एका परिषदेत दोनशे माणसांसमोर दाखवलं होतं, आणि इंदुताईंचा मोबाईल रोज गेटवरच्या पेटीत जमा असे. पण आवाज इंदुताईंचा होता आणि रुग्णही त्यांच्याच घरी होता. चौकशी करणारे साहेब म्हणाले, तुमचा स्वार्थ असू शकतो. इंदुताईंनी डॉ. उत्कर्षांकडे पाहिलं. डॉक्टर समोरचा कागद वाचत राहिल्या.

इंदुताईंना प्राणिगृहातून काढून पहिल्या मजल्यावरच्या संडास-बाथरूमच्या सफाईला लावलं. काही दिवसांनी डॉ. उत्कर्षांनी त्यांना जिन्यात गाठलं. म्हणाल्या, मी तेव्हा बोलले असते तर सगळा प्रकल्पच थांबवला असता, समजून घ्या. इंदुताईंनी एवढंच विचारलं की नव्या उंदरांना कोण बघतं. एजन्सीची माणसं, डॉक्टर म्हणाल्या. नऊ मेलेत आत्तापर्यंत.

चौकशी पुढे कुणीच नेली नाही. डॉक्टरांचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला, तेव्हा सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. इंदुताईंनाही एक मिळाला.

गणराजचा राग नंतर ओसरला. ओसरला म्हणजे तो ओरडेनासा झाला. जखम भरत असताना सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सने त्याला स्वतःच बारीक नळी घालून लघवी काढायला शिकवलं. महिनाभरात त्याचा हात बसला. ज्या दिवशी पहिल्यांदा एकट्याने नीट जमलं, त्या दिवशी इंदुताई कामावरून आल्या, हात धुतले आणि रोजच्यासारख्या त्याच्याजवळ गेल्या. त्याने चादर पोटाशी ओढून घेतली. “झालंय माझं,” तो म्हणाला. “आता तू हात लावू नगंस.”

इंदुताईंनी भाजी चिरायला घेतली. नर्सने त्याला शिकवलं हे चांगलंच झालं, असं त्या शेजारणींना सांगतात, आणि ते खरंही आहे. संसर्ग कमी झाला, ताप येत नाही. संध्याकाळी दोघं एकत्र जेवतात. आज काय झालं, हे आता तो त्यांना विचारत नाही.