पाळ फुटली ते साल

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सहकाऱ्यांना नाही. ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, तेही क्रमाने — शिकवण्याची सवय आहे, ती इथेही सुटत नाही.

गावाला जो भाग माहीत आहे, तो आधी. सिंदेवाहीकडच्या एका तलावाकाठच्या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. सातवीत काजल नावाची मुलगी होती. तिचे वडील देवरावभाऊ तलावात जाळं टाकत, हंगामात धानाच्या रोवणीला जात. काजल अंगापिंडाने वर्गात सर्वांत लहान. पण धावायला लागली की तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सायकलने येणारी मुलं मागे पडत. सरकारी क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी निघाली, तेव्हा मीच देवरावभाऊंना बोलावून समजावलं : निवड झाली तर मुलीचं राहणं, जेवण, शिक्षण, सराव — सगळं सरकारकडे. वय मात्र बाराच्या आत हवं.

नाव नोंदवणं म्हणजे काय असतं, हे ज्याने केलं नाही त्याला कळणार नाही. अर्ज ऑनलाइन, आणि गावात नेटवर्क पाळीवरच्या एका चिंचेखाली. फोटो ठरावीक केबीपेक्षा मोठा चालत नाही, आणि लहान केला तर अंधुक म्हणून परत येतो. वैद्यकीय दाखल्यावर डॉक्टरांची सही होती, शिक्का नव्हता; शिक्का आणला तोवर दाखल्याचा नमुनाच बदलला. दर खेपेला देवरावभाऊंची रोजी बुडे. एकदा एसटीत ते म्हणाले, "मास्तर, पोरगी एवढ्या खेपा धावली असती तं आतापावतर नागपूरले पोचली असती." मी हसलो होतो.

शेवटी तालुक्याच्या ऑफिसात, खिडकीवर अर्ज अडला. कागदांप्रमाणे बारा वर्षं पूर्ण होऊन वर दोन महिने झाले होते.

"बाई, माही पोरगी पाळ फुटली त्या सालची हाय," देवरावभाऊ म्हणाले. "पाळ फुटली अन् आठ दिवसानं झाली. साऱ्या गावाले मालूम हाय."

"भाऊ, पाळ फुटल्याचा दाखला कॉम्प्युटर घेत नाई जी," खिडकीमागच्या बाई म्हणाल्या. रांगेतले दोघे हसले.

मी हसलो नाही. मी आवाज चढवला. जंगलपट्टीतल्या मुलांवर होणाऱ्या अन्यायाबद्दल बोललो, आणि — हे नोंदवायला हवं — उत्तम बोललो. मास्तर खिडकीवर कसे भांडले, हे देवरावभाऊंनी गावात सांगितलं. गाव अजून सांगतं.

आता प्रश्न असा : ती तारीख आली कुठून? काजल घरी जन्मली, जन्माची नोंद झाली नाही. आधार कार्ड शाळेच्या तारखेवरून निघालं. जातीचा दाखलाही शाळेच्या तारखेवरूनच. प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवत होता, आणि शेवटचं बोट शाळेकडे. शाळेत ती तारीख मी लिहिली होती.

चुकून नाही. चुकून लिहिली असती, तर त्यात सांगण्यासारखं काय होतं?

काजलला शाळेत घातलं त्या जूनमध्ये पटावर एक मूल कमी पडत होतं. पट भरला नाही की एका शिक्षकाचं पद जातं, तो अतिरिक्त ठरतो आणि त्याला दुसरीकडे पाठवतात. तो शिक्षक मी ठरणार होतो. जवळच्या मूल शहरात मी घराचा पाया घातला होता, आणि या खेपेला अतिरिक्त शिक्षक दूर जिवतीच्या डोंगरात जाणार अशी चर्चा होती. मी देवरावभाऊंच्या घरी गेलो. पोर अंगणात जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्यांशी खेळत होती.

"एवढीशी हाय अजून, मास्तर," ते म्हणाले. "पाच बी नाई भरले."

घेऊन या, बघू, असं मी म्हणालो. पहिलीला सहा पूर्ण लागतात. म्हणून पाळ फुटण्याच्या आदल्या वर्षातली एक तारीख मी निवडली. देवरावभाऊंनी विचारलंसुद्धा नाही. "तुमाले समजते ते लिवा," एवढं म्हणून त्यांनी सही केली. ती सही मीच त्यांना शिकवली होती.

पद वाचलं. घर झालं. पण मी जे लपवून ठेवलं आहे, ते एवढंच नाही.

खिडकीवरच्या भांडणानंतर देवरावभाऊ झेरॉक्सला दिलेले कागद परत घ्यायला समोरच्या दुकानात गेले. काजल बाहेर बाकावर बसली होती. त्या बाईंनी मला आत बोलावलं — ज्यांच्यावर मी ओरडलो होतो, त्याच. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं खरं असन. एक रस्ता हाय. दाखल करतानी ज्यानं तारीख लिवली, त्यानं चूक झाली म्हणून लिहून द्यावं. साहेबाची सही मी मिळवून देते. शुक्रवारपर्यंत मुदत हाय. कोण होते तवाचे मास्तर?"

प्रश्न सरळ होता. उत्तर एका अक्षराचं — मी. ते दिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता : वय का वाढवलं? मग चौकशी, कदाचित वेतनवाढ थांबली असती, कदाचित तेवढंही नाही. मी किती वेळ विचार केला असेल? फार नाही.

"ते बदलून गेले, बाई," मी म्हणालो. "आता सापडायचे नाहीत."

बाहेर आलो. काजल बाकावरून उठली. "गुरुजी, मी धावून दाखवू का त्याइले?"

"ऑफिस ऐकत नाही, बेटा," मी म्हणालो.

ऑफिसने ऐकलं होतं.

परतताना देवरावभाऊंनी कागद पिशवीत नीट ठेवले. मग म्हणाले, "तुमी तं लय भांडले, मास्तर. आपल्यासाठी कोण भांडते?" दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळ्यात सापडलेल्या दोन मरळ घरी आणून दिल्या. त्या आम्ही खाल्ल्या.

काजल आता धावत नाही. मूलच्या एका कापडाच्या दुकानात कामाला जाते. बसस्टँडवर दिसली की नमस्कार करते. कोणाच्या मुलाचा कागद अडला की पालक माझ्याकडे येतात, कारण मास्तर भांडतात. मी जातो, आणि भांडतो.

फुटलेली पाळ बांधून काढली, तेव्हा तिच्यावर एक दगड बसवला. त्यावर साल कोरलेलं आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला मी चौथीच्या मुलांना तिथे नेतो, साल मोठ्याने वाचायला लावतो. त्या साली काय काय झालं, तेही सांगतो — कोणाचं धान वाहून गेलं, पाणी कुठवर आलं, पाळ कोणी बांधली. काजलचा जन्म सांगत नाही.