वाडा हलला की येते

माझ्या बायकोएवढी हट्टी बाई सगळ्या मराठवाड्यात दुसरी झाली नसेल, आणि झाली असेल तर तिच्या नवऱ्याला मी कोपरापासून हात जोडतो. हे मी तिच्या माघारी बोलतोय असं कुणी समजू नये. आम्ही दोघं शेवटचं जिथं मिळून गेलो, त्या धरणाच्या पाण्यातल्या बेटावर वाळूत बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला, तेव्हा हे मी तिच्या तोंडावर बोललो होतो. त्यावर ती म्हणाली, "आवं, सरका. पाण्यावर सावली पडायलीय तुमची." उभ्या जन्माची सोबत, आणि मला मिळालेलं उत्तर हे. मी सरकलो. माझा सगळा संसार असा सरकण्यातच गेला.

आमची दोघांची घरं मेंढरांची. माझं गाव फुलंब्रीकडचं, कोरडं ठाक. तिचं माहेर पैठणच्या अंगाला, गोदावरीकाठी. धरण झालं तेव्हा ते गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं उठून माळावर नव्या गावात राहायला गेली. गावची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली, तिचं बेट झालं. एका अंगाला काळा चिखल, दुसऱ्या अंगाला नदीची जुनी वाळू. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेटापर्यंत वाट पडायची आणि तिचा बाप मेंढरं तिकडं चरायला न्यायचा. राखायला ही पोरगी. मेंढरं मुंडी खाली घालून चरत असली की राखणाऱ्याला काही काम नसतं. दुसरी पोरगी असती तर झोपली असती, बोरं खाल्ली असती. ही वाळूच्या उथळ पाण्यात बघत बसायची. आमच्या संसाराचं वाटोळं तिथंच झालं, लग्नाच्या आधीच.

आता पाण्यात मासे असतात हे मलाही माहीत आहे, मी चौथीपर्यंत शाळा शिकलोय. पण तिचं म्हणणं असं, की त्या वाळूच्या काठाला बारा महिने एकच मासे नसतात. पावसाळ्यात गढूळ पाणी चढलं की मिशावाले मोठे मासे बुडालेल्या गवतात अंडी घालायला येतात. थंडी पडली की ते खोल पाण्यात जातात, आणि कोवळ्या उन्हाला वाळूवर बारीक चांदीसारखी मासळी जमते. उन्हाळ्यात चिलापी येते, वाळूत थाळीएवढे खड्डे करते आणि आपापल्या खड्ड्यावर राखण करत बसते. मेंढरं घेऊन धनगर जिथं उतरतो त्या मुक्कामाला आमच्यात वाडा म्हणतात. चारा सरला की वाडा हलतो, त्या जागी दुसऱ्याचा वाडा येऊन बसतो. ही माशांनाही तेच लावायची. माशांची खरी नावं तिला कधी कुणी सांगितली नाहीत, सांगितली असती तरी तिनं ऐकली नसती. तिनं मेंढरांना ठेवावीत तशी नावं ठेवली होती. मोठ्या त्या मिशाळ्या, बारीक त्या चमक्या, आणि खड्डे करणारे ते थाळकरी.

लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला गेलो तेव्हा मी मनात लई मांडे खात होतो. पाण्याकाठची सासरवाडी, म्हणजे रोज कालवण. बेटावर गेलो आणि उथळ पाण्यात उपरण्यानं एक चांगली मनगटाएवढी मरळ धरली. ही लांबून ओरडत आली. सोडा म्हणाली, ते राखणीतलं आहे. मी विचारलं, कुणाच्या राखणीतलं? "माझ्या," ती म्हणाली. नवी नवरी, हातातला चुडा अजून करकरीत, आणि नवऱ्याच्या हातातली मरळ सोडायला लावते. मी सोडली. संध्याकाळी सासऱ्यानं मला पिठलं वाढलं आणि हसू लपवायला पटक्याचा शेमला तोंडापुढं धरला. गंमत म्हणजे बाजारातून मासा आणला तर ती तो असा करायची की शेजारचे वास घेत दारात यायचे. तेव्हा तिचं मन नाही का दुखायचं, असं एकदा विचारलं. तर म्हणाली, ह्याची माझी काय वळख?

पुढं मी शहरात कंपनीत वॉचमन झालो, मुकुंदवाडीत खोली घेतली. मला वाटलं, आता मेंढरंही नाहीत आणि नदीही नाही, सुटलो. कसचं काय. वाडा हलायची वेळ झाली की तिचं घरात लक्ष लागायचं नाही. भाकरी तव्यावर करपायची. पोराला शाळेत उलटा सदरा घालून पाठवायची. मग मी ड्युटी बुडवायची, मुकुंदवाडीहून स्टँड, स्टँडवरून पैठणची गाडी, तिथून नवं गाव, आणि पाणी असेल तर नाव. नावाडी तिच्याच गावचा, भोयाचा, नात्यानं भाचा नसला तरी तिला आत्या म्हणायचा आणि मला मामा. नावेत बसताना तो माझ्याकडं अशा दयेनं बघायचा की मला त्याचाच राग यायचा.

बेटावर माझी जागा ठरलेली. कळपाच्या कडेला धनगराचं कुत्रं बसतं ना, तशी. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, बाभळीपाशी. बिडी ओढायची नाही, खोकायचं नाही, उठून फिरायचं नाही. ती लुगडं वर खोचून गुडघाभर पाण्यात जी उभी राहायची, ती राहायचीच. एकदा एक बगळा येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. दोघं रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे दिसत होते, आणि आधी कंटाळला तो बगळा. तास दोन तासांनी ती बाहेर यायची आणि एवढंच सांगायची, वाडा उठला. किंवा, नाय उठला अजून. झालं. एवढं ऐकायला मी दोन गाड्या बदलून आलेलो असायचो. तुला ह्यातून मिळतं तरी काय, असं मी दर खेपेला विचारायचो. दर खेपेला ती पदर पिळत म्हणायची, "तुमाला मेंढरं बघून काय मिळायचं?" मेंढरं बघून मला लोकर मिळायची, कोकरं मिळायची. पण हे तिला सांगून उपयोग नव्हता.

सगळ्या भावकीचं पंचांग एक आणि हिचं एक. आमच्या विहीणबाई उस्मानपुऱ्यातल्या, शहरी, बोलायला गोड. आमच्या लेकीचं, म्हणजे त्यांच्या सुनेचं, पहिलं बाळंतपण त्यांनी हौसेनं आपल्याकडंच केलं आणि बारशाला कधी येता म्हणून हिला फोन लावला. ही म्हणाली, मिशाळ्या उठल्या की दुसऱ्या दिवशी हजर. विहीणबाईंना वाटलं, मिशाळ्या म्हणजे आमच्या भावकीतलं कुणी अंथरुणाला खिळलेलं माणूस. त्यांनी मायेनं चौकशी केली, आता बरं आहे का त्यांना? ही म्हणाली, "बरं कसलं, पोटुशी हाईत." बारशाला गेलो तेव्हा विहीणबाईंनी निघताना मिशाळ्यांसाठी म्हणून डिंकाचे लाडू वेगळे बांधून दिले. खरं काय ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. ही तर म्हणत होती, पाण्यात चुरून टाकू, चांगल्या मनानं दिलेत. लाडू मी रिक्षात खाऊन संपवले.

असं हसण्यावारी चाललं होतं तोवर चाललं. मागच्या साली तिचे पाय सुजायला लागले. जिना चढताना मधेच थांबायची आणि कठड्याकडं असं बघायची, जसं काही कठडा बघायलाच थांबलीय. यंदा पावसाळ्यात दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन करावं लागेल, आणि लांबवू नका. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, हे थंडी पडल्यावर केलं तर चालेल का? डॉक्टर म्हणाले, थंडीचा काय संबंध? ती म्हणाली, "चमक्या वाळूला यायच्यात. वाडा हलला की येते." डॉक्टर पोरगेलेसे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडं बघितलं.

नेमका यंदा पाऊस लांबला. धरण काठोकाठ भरलं, दिवाळी झाली तरी थंडीचा पत्ता नाही. ही रोज सकाळी दार उघडून हात बाहेर काढायची आणि परत घ्यायची. पोरगा चिडला, आई, माशांसाठी जीव देणार का म्हणाला. ती म्हणाली, जीव कोण देतंय, नुसतं बघून येते म्हणते. सून रडली. लेक उस्मानपुऱ्याहून येऊन अबोला धरून बसली. मी एक दिवस बाजारात जाऊन बारीक चांदीसारखी मासळी पिशवीभर आणली आणि तिच्यापुढं ओतली. म्हटलं, बघ, आल्या तुझ्या चमक्या, नावाड्यानं पाठवल्यात, आता चल. तिनं एक मासा उचलून तळहातावर घेतला. "आवं, ह्या मेल्यात. वाडा हलला का नाय ते मेलेल्याला इचारून कळत असतंय व्हय?" मग तिनं त्यांचं कालवण केलं. मी खाल्लं, काय करतो.

शेवटी दवाखान्यानं सोमवारची तारीख दिली. मी म्हटलं, एकदाचं दाखवून आणू, म्हणजे तोंड बंद होईल. गुरुवारी आम्ही गेलो. नावेतून उतरताना नावाड्यानं तिला लेकरासारखं धरून उतरवलं. वाळू सगळी पाण्यात, घोंगडीएवढी पट्टी तेवढी वर राहिलेली. ती पाण्यात शिरली. मी बाभळीपाशी न बसता तिच्या मागंच उभा राहिलो, पडली तर धरायला. दम लागलेला मला ऐकू येत होता. लई वेळानं ती वळली आणि म्हणाली, नाय उठला अजून. आणखी आठवडाभर बघू.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "दवाखान्यानं तारीख तुला दिलीय, माशांना नाय दिली." आणि बरंच काही बोललो. मराठवाड्यातल्या हट्टी बायांचं जे वर सांगितलं, ते तेव्हाचंच. तिनं शांतपणे फडकं सोडलं, भाकरी माझ्या हातात दिली, मला सरकवलं आणि खायला लागली. खाता खाता पाण्याकडं बघतच बोलली. "गाव बुडालं. आय गेली, बाप गेला, मेंढरं इकली. ह्या तेवढ्या येतात बगा. कुणी बोलवत नाय, कुणी इचारत नाय, तरी दर साली येतात. आल्यावर कुणी दारात नसलं तर कसं वाटंल त्यास्नी?"

माशाला काय वाटतं, हे मला कसं ठाऊक असणार. मी ठेचा खात राहिलो. डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्यानं, असं मी तिला सांगितलं.

परतीच्या नावेत, अर्ध्या वाटेवर, ती एकदम म्हणाली, "बरं. सोमवारी चला." नावाड्याचं वल्हं थांबलं. उभ्या जन्मात मी तिच्याशी पहिल्यांदा जिंकलो होतो आणि जिंकल्यावर काय करतात ते मला माहीत नव्हतं. पैठणच्या स्टँडवर तिला मलई घातलेला चहा पाजला. तिनं अर्धा मला दिला.

शनिवारी दुपारी मेथी निवडता निवडता ती भिंतीला टेकली. सुनेला वाटलं, डोळा लागला. तिनं मेथीचं ताट हळूच उचलून बाजूला ठेवलं, आवाज होऊ नये म्हणून. संध्याकाळी सगळं उरकलं. आदल्या रात्रीपासून थंडी पडली होती, स्मशानात सगळे कानाला मफलर गुंडाळून उभे होते. सोमवारची तारीख तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. घरभर माणसं झोपलेली. मेव्हणा दारातच आडवा होता, त्याच्यावरून पाय टाकून बाहेर पडलो. सुतकातला माणूस असा निघत नाही, हे मला कळतं. पण पैठणची पहिली गाडी मिळाली. नावाड्याला खबर लागलेली होती. त्यानं लगेच नाव सोडली. बेट जवळ आल्यावर म्हणाला, "आल्यात, मामा. काल सकाळपासनं."

वाळूच्या पट्टीवर ऊन आलं होतं. त्या घोंगडीएवढ्या तुकड्यापुढं पाण्यात काहीतरी लुकलुकत होतं, इकडून तिकडं, सगळं एकदम वळायचं. मला असा संताप आला म्हणता. उभ्या बाईला महिनाभर ताटकळत ठेवलं, आणि आता आरामात ऊन खात बसल्यात. मी काठावर उभा राहून त्यांना म्हणालो, "आता आलात व्हय." आणखी शिव्या द्यायच्या होत्या, पण नावाडी ऐकत होता.

तेवढ्यात पोराचा फोन आला. घरात सगळे शोधतायत, मामा रस्त्यावर बघून आले, आबा, तुम्ही हाय कुठं?

"तुझ्या आईच्या कामाला आलोय," मी म्हणालो. "उरकलं की येतो."

फोन खिशात टाकला, पायजमा दुमडला आणि पाण्यात जाऊन उभा राहिलो. पाणी लई गार होतं. त्यातली चमकी कोणती आणि नुसतं ऊन कोणतं, ते मला काही कळत नव्हतं. तरी बघत उभा राहिलो.